ट्रॅकवर जाण्याआधी: ब्रेक पॅड कसे निवडावेत

घाट उतरून खाली चहाला थांबलेल्या गाड्यांमधून येणारा करपट वास आपल्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरच्या ओळखीचा आहे. वरंधा असो की ताम्हिणी, गिअर खाली न टाकता नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली की पॅड तापतात, वास सुटतो आणि ब्रेक नेहमीसारखा लागत नाही. रेसच्या ट्रॅकवर नेमकं हेच होतं, पण कितीतरी लवकर.

किती लवकर, ते कागदावर मांडून बघा. माणसासकट अकराशे किलोची हॅचबॅक अर्धा किलोमीटर उंचीचा घाट फक्त ब्रेकवर उतरली, तर ब्रेकमध्ये सुमारे ५४ लाख ज्यूल उष्णता जाते. तीच गाडी ट्रॅकवर १६० च्या वेगावरून ८० वर आणली, की एकाच ब्रेकमध्ये ८ लाख ज्यूल. असे सात ब्रेक मारले की अख्खा घाट उतरून झाला. घाटाला वीस मिनिटं लागतात, ट्रॅकवर चार-पाच मिनिटं पुरतात, आणि सेशन, म्हणजे ट्रॅकवरची एक पाळी, असतं पंधरा-वीस मिनिटांचं.

या ८ लाखांपैकी साधारण सत्तर टक्के पुढच्या दोन डिस्कवर, म्हणजे पॅड ज्यांना दाबून धरतात त्या चाकामागच्या लोखंडी चकत्यांवर, येतात. एका डिस्कचं वजन पाच किलोच्या आसपास धरलं, तर एका ब्रेकमागे ती शंभर अंशांहून जास्त तापते. पुढच्या वळणापर्यंत त्यातली थोडी उष्णता वाऱ्याने जाते, बाकीची साठत राहते. तिसऱ्या-चौथ्या फेरीत डिस्क चारशे-पाचशे अंशांवर गेलेली असते. कंपनीतून आलेला पॅड या तापमानासाठी बनवलेलाच नसतो. तो बनवलेला असतो पावसाळ्यातल्या सकाळी, गार असताना, सोसायटीच्या गेटपाशी आवाज न करता गाडी थांबवण्यासाठी. ते काम तो उत्तम करतो.

पॅड निवडण्याआधी एक गैरसमज काढून टाकू या. नवे लोक हमखास विचारतात, ‘कुठले पॅड टाकले की गाडी लवकर थांबेल?’ कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नसताना ६० च्या वेगावर पूर्ण जोर लावून ब्रेक मारून बघा. पायाखाली एबीएस थरथरलं, तर तुमच्या पॅडची पकड टायरच्या पकडीपेक्षा जास्तच आहे. याहून महाग पॅड टाकून हे अंतर फारसं कमी होणार नाही, कारण शेवटी गाडी थांबवतं ते टायर. ट्रॅकचा पॅड घ्यायचा तो वेगळ्या कारणासाठी: दहाव्या फेरीतला ब्रेक पहिल्या फेरीसारखा लागावा म्हणून. निवड करताना हे एकच वाक्य डोक्यात ठेवा, पुढचं बरंच सोपं होतं.

पॅडच्या आधी ब्रेक ऑइल

पॅडच्या लेखात ऑइल आधी का, ते माझ्यावर बेतलेल्या प्रसंगातून सांगतो. माझ्या दुसऱ्याच ट्रॅक दिवसाची, म्हणजे आपली गाडी घेऊन ट्रॅकवर फिरायच्या दिवसाची गोष्ट. नवे, महागातले पॅड टाकले होते. चौथ्या फेरीत सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं. भराभर दोन-तीनदा पंप केल्यावर थोडा ब्रेक आला, गाडी वळणाबाहेरच्या गवतात जाऊन थांबली. समोर मोकळी जागा होती म्हणून निभावलं. पॅडचा दोष नव्हता. रिझर्व्हॉयरमधलं, म्हणजे ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल दोन पावसाळे जुनं होतं. पैसे होते ते मी पॅडवर खर्च केले आणि ऑइल तसंच ठेवलं, हीच चूक.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि मुंबई-कोकणच्या हवेत तर काय कमी ओलावा असतो! ब्रेक ऑइलच्या डब्यावर डॉट हा दर्जा लिहिलेला असतो. डॉट ४ ऑइल नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पाणी मुरल्यावर त्या दर्जाच्या नियमानुसार तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०, तर डॉट ५.१ चे २६० आणि १८०. तापलेल्या कॅलिपरमध्ये (ऑइलच्या दाबाने पिस्टन सरकवून पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. तुमच्या पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही.

म्हणून पहिली पायरी अशी: ट्रॅकवर जाण्याआधीच्या आठवड्यात सगळं ऑइल बदलून चारही चाकांच्या ब्रेकमधली एअर, म्हणजे ऑइलच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढून घ्या. गाडीला डॉट ४ चालत असेल, तर मोट्युल आरबीएफ ६०० सारखं रेसिंगचं ऑइल टाका. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे. डॉट ५ मात्र चुकूनही घेऊ नका. नावात ५.१ शी साम्य असलं, तरी ते सिलिकॉनचं असतं आणि आपल्या गाड्यांच्या ऑइलमध्ये मिसळत नाही. फोडलेला डबा पुढच्या वर्षीसाठी ठेवण्याचा मोहही टाळा, कारण उघड्या डब्यातलं ऑइलही ओलावा पितच असतं.

ट्रॅकवर ब्रेक बिघडला, तर दोष कुणाचा हे पायालाच कळतं. पेडल मऊ होऊन खाली गेलं, तर ऑइल उकळलं. पेडल कडक आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय आणि गाडी तरी पुढे सरकतेय, तर पॅड भाजले. हा फरक पाठ करून ठेवा. पुढचा खर्च कशावर करायचा, ते यावरून ठरतं.

आपली गाडी किती तापते, ते आधी मोजा

पॅडची निवड तापमानावर होते आणि प्रत्येकाचं तापमान वेगळं असतं. कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. सरळ रस्ते छोटे, वेग त्या मानाने कमी, पण ब्रेकला गार व्हायला उसंत मिळत नाही. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट पाच किलोमीटरहून मोठं, आणि तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता. तिथे ब्रेक गार व्हायला वेळ मिळतो खरा, पण त्या रस्त्याच्या शेवटी चौथ्या वळणाआधी मारावा लागणारा एकेक ब्रेक फार जड असतो. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे इथे पुरेपूर अनुभवाला येतं. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे. तेव्हा मित्राने कारीवर वापरलेला पॅड तुम्हाला बुद्धवर पुरेल असं धरून चालू नका, मग गाडी तीच असली तरी.

मोजायला फार सामान लागत नाही. उष्णतेने रंग बदलणारा खास पेंट मिळतो, तो डिस्कच्या बाहेरच्या कडेवर तीन छोट्या पट्ट्यांत लावतात. नेहमीच्या संचातली हिरवी पट्टी ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलते. दिवसाअखेर चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून बघा. फक्त हिरवी बदलली असेल, तर तुम्हाला रेसचा पॅड नको. नारिंगीही गेली असेल, तर रस्त्याच्या कोणत्याही पॅडवर विसंबू नका. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या थांबतात तिथे आल्यावर बंदुकीसारख्या इन्फ्रारेड मीटरने मोजणारे बरेच जण दिसतात. तोही उपयोगी आहे, पण तोवर डिस्क बरीच गार झालेली असते. तो आकडा डावी-उजवी बाजू सारखी तापतेय का हे बघायला वापरा. एक बाजू फार गरम आली तर कॅलिपर अडकत असण्याची शक्यता असते, ते आधी दुरुस्त करा.

पहिल्याच ट्रॅक दिवसाला जाणार असाल, तर तुमच्याकडे मोजमाप नसणार. हरकत नाही. कंपनीचेच पॅड, जाडी निम्म्याहून बरीच जास्त, आणि नवं ऑइल घेऊन जा. चार फेऱ्या मारा, एक फेरी गार करण्यासाठी, आणि बाहेर या. सुरुवातीला तुमचा वेग ब्रेकवर अडत नाही. तो वळणातून गाडी कुठल्या रेषेने काढता त्यावर अडतो, नजरेवर अडतो. पहिल्या दिवसासाठी महागातले पॅड घेऊन येणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, की ते पैसे प्रशिक्षकाला द्या.

पॅडवरची अक्षरं आणि खोक्यावरचे आकडे

बऱ्याच पॅडच्या कडेला किंवा पाठीमागच्या लोखंडी पट्टीवर एफएफ, जीजी, ईएफ अशी दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर सर्वसाधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं गरम झाल्यावरच्या घर्षणाचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, तर तो पॅड तापल्यावर पकड सोडतो, हे सरळ कळतं. पण या चाचणीतलं ‘गरम’ साडेतीनशे अंशांच्या आतच संपतं. म्हणजे जिथे ट्रॅकची खरी परीक्षा सुरू होते, तिथे ही अक्षरं काहीच सांगत नाहीत. जीजी बघून ट्रॅकसाठी पॅड घेतलेले मी पाहिले आहेत, आणि दुपारपर्यंत त्यांचा चुरा झालेलाही पाहिला आहे.

आर ९० ही युरोपातली मान्यता. बदली पॅडचं घर्षण मूळ पॅडपेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त वर-खाली नसावं, असं ती बघते. रस्त्यावरच्या वापरासाठी हा भरवशाचा शिक्का आहे. ट्रॅकवर पॅड टिकेल, असं मात्र त्यातून निघत नाही.

उपयोगाचा असतो तो उत्पादकाने दिलेला तापमान आणि घर्षणाचा आलेख. त्यात सगळ्यात उंच टोक शोधू नका. तुमचं तापमान ज्या पट्ट्यात येतं, तिथे रेघ सपाट आहे का ते बघा. आडव्या रेघेचा ०.४२ चा पॅड डोंगरासारख्या रेघेच्या ०.५५ च्या पॅडपेक्षा शिकणाऱ्यासाठी कितीतरी चांगला. प्रत्येक वळणाला पायाला तेच उत्तर मिळतं, म्हणून पाय शिकतो.

घरी परत कसं जाणार?

ही पायरी आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची. पुण्याहून कोईमतूर किंवा चेन्नई म्हणजे हजार-बाराशे किलोमीटर, आणि बहुतेक जण ज्या गाडीने ट्रॅकवर फिरतात त्याच गाडीने जातात-येतात. रेसचा पॅड गार असताना धड पकडत नाही. पहाटे पाचला हायवेवरून तासभर ब्रेक न लावता आलात आणि टोलनाक्यापाशी पहिला ब्रेक मारलात, तर तो पॅड क्षणभर लाकडासारखा घसरतो. शिवाय किंचाळतो, डिस्क खरवडतो आणि चाकांवर तांबूस-काळी पूड बसते. त्यात लोखंड असतं. पावसात भिजली की ती ॲलॉयवर गंजून चिकटते, लवकर धुवावी लागते.

तेव्हा मी तीन पातळ्यांत विचार करतो. पहिली, कंपनीचे पॅड आणि नवं ऑइल. दुसरी, रस्त्यावरही चालतील आणि ट्रॅकवर छोट्या सेशनमध्ये टिकतील असे, ईबीसी यलोस्टफ किंवा फेरोडो डीएस २५०० च्या जातीचे. यातल्या डीएस २५०० ला रस्त्यासाठीची आर ९० मान्यता नाही, आणि गार असताना तो आवाजही करतो. तिसरी पातळी निव्वळ ट्रॅकची: फेरोडो डीएस १.११, पॅगिड आरएसएल २९, हॉक डीटीसी-६० असे. हे लावून घरी यायचं नाही. पेटीत घालून न्यायचे, तिथे बदलायचे, आणि निघताना परत रस्त्याचे लावायचे.

नव्या माणसाने दुसरी पातळी घ्यावी आणि त्यावर निदान चार-पाच ट्रॅक दिवस काढावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. एका वेळी एकच पायरी चढा. थेट तिसऱ्या पातळीवर उडी मारली, तर पॅड त्याच्या तापमानापर्यंत पोचतच नाही. मग तुम्ही गार रेस पॅडवर, म्हणजे कंपनीच्या पॅडपेक्षाही वाईट ब्रेकवर गाडी चालवत राहता.

ऑर्डर देण्याआधी जुना पॅड काढून त्याचा आकार, जाडी आणि पाठीमागच्या क्लिपची जागा नव्याच्या नकाशाशी ताडून बघा. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत कॅलिपर वेगळे निघू शकतात. आपल्या बहुतेक हॅचबॅकना मागे ड्रम असतात. तिथे फक्त पुढचे पॅड बदलले तरी चालतं, मात्र मागचे लायनर (ड्रममधले ब्रेकचे अस्तर) नीट जुळवलेले आणि सिलिंडर गळती नसलेले हवेत. मागे डिस्क असतील, तर पुढे रेसचा आणि मागे झिजलेला जुना पॅड असा मेळ घालू नका. आणि मागे पुढच्यापेक्षा जास्त पकडीचा पॅड तर कधीच नको. ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, आणि ती आधी अडकली की गाडी फिरते.

बसवणं आणि मुरवणं

नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलावा लागतो, तेव्हा ऑइल वर चढून रिझर्व्हॉयरमधून सांडू शकतं. ते रंग खातं, म्हणून फडकं लावून ठेवा. काम झालं की गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलात, तर पहिला ब्रेक लागणारच नाही, कारण पिस्टन पॅडपासून लांब असतो. गॅरेजमधून गाडी घेतानाही आधी पेडल दाबून बघायची सवय ठेवा.

जुन्या डिस्कवर आधीच्या पॅडचा थर असतो. नवा पॅड वेगळ्या जातीचा असेल, तर पॉलिश पेपरने तो थर घासून काढा. मग मुरवणं. रिकाम्या, सुरक्षित रस्त्यावर ८० वरून ३० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा. दोन ब्रेकमध्ये थोडं अंतर ठेवा आणि गाडी पूर्ण थांबवू नका. शेवटच्या काही ब्रेकना तिखट, रसायनासारखा वास येईल. नव्या पॅडमधली राळ तापून त्यातून वायू निघतो, त्याचा तो वास. हा वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये आला की ब्रेक घसरतो. ते इथे झालेलं बरं, चौथ्या वळणाआधी नको. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला हात न लावता गाडी चालवून गार करा. डिस्कवर सगळीकडे सारखी, राखाडी-निळसर झाक दिसली की काम झालं. ट्रॅकच्या पॅडचं मुरवणं ट्रॅकवरच, पहिल्या सेशनच्या हळू फेऱ्यांत करा. रस्त्यावर त्यांना लागतं तेवढं तापमान गाठायला जाऊ नका.

त्या दिवशी

ब्रेक उशिरा मारायचा असेल तर मारा, पण लांबवू नका. हलका पाय बराच वेळ ठेवल्याने डिस्क जास्त तापते. जोरात, थोडा वेळ, आणि सोडा. शेवटची फेरी शक्य तेवढी ब्रेक न लावता काढा. पिटमध्ये आल्यावर पेडल दाबून धरू नका आणि हँडब्रेक ओढू नका. तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी दाबून राहिला, तर त्याचा ठसा उमटतो, आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकडी झाली म्हणतात. बहुतेकदा ती वाकलेली नसते, तिच्यावर पॅडचा थर कुठे जाड, कुठे पातळ बसलेला असतो. गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकाखाली लाकडी ठोकळा लावा.

प्रत्येक सेशननंतर पॅड बघा, आतला आणि बाहेरचा दोन्ही. बाहेरचा चाकातून दिसतो, म्हणून बहुतेक जण तेवढाच बघतात. पण आपल्या गाड्यांतल्या एका पिस्टनच्या कॅलिपरमध्ये आतला पॅड अनेकदा आधी संपतो. कडा भुरभुरलेल्या, पांढुरक्या पडलेल्या किंवा आडव्या भेगा गेलेल्या दिसल्या, तर तो पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला. तो काढा आणि पुढच्या वेळी वरची पातळी घ्या. पॅड चकचकीत काचेसारखा झाला असेल, तर तो भाजला तरी आहे, किंवा पुरेसा तापलाच नाही आणि मुरलाही नाही. रंगाच्या पट्ट्या बघून यातलं कुठलं ते ठरवा. एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ असा पाचरीसारखा झिजला असेल, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून त्यांना उष्णता सोसणारं ग्रीस लावा.

रस्त्यावर आपण पॅड दोन-तीन मिलिमीटरपर्यंत वापरतो. ट्रॅकवर जाडी निम्म्याच्या खाली गेली की थांबा. पॅडचं जाड अंग हेच पिस्टन आणि ऑइलला उष्णतेपासून वाचवणारं मुख्य आवरण आहे. पातळ पॅडवर ब्रेक लागतो छान, पण ऑइल उकळायला लागतं.

माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही असते. प्रत्येक ट्रॅक दिवसाची एक ओळ: ट्रॅक, किती फेऱ्या, ऑइल कधी बदललं, कुठल्या पट्टीचा रंग बदलला, आणि चारही पॅडची सकाळची-संध्याकाळची जाडी. गेल्या खेपेची ओळ अशी: पुढचा उजवा, आतला, सकाळी ११ मिमी, संध्याकाळी ८, बाहेरचा ११ वरून ९, हिरवी गेली, नारिंगी शाबूत. तेव्हा पॅडची जात तीच ठेवली, सरकत्या पिना साफ केल्या, आणि आतले दोन पॅड पुढच्या ट्रॅक दिवशी दुपारच्या जेवणाआधी मोजायचे, असं खाली लिहून ठेवलं.